वाढत्या पायाचे बूट

आमच्या घरात बूट पायासाठी घेत नाहीत, पुढच्या वर्षीच्या पायासाठी घेतात. हा कायदा माझ्या नवऱ्याचा. सुयोग मूळचा नाशिकचा, इथे कुवेतमध्ये पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनीअर आहे, आणि वडिलांनी पाचवीत घेऊन दिलेले शाळेचे काळे बूट आपण सातवीपर्यंत पुरवले, ही आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी आहे असं तो मानतो. पाचवीत पुढे कापूस कोंबला, सहावीत बरोबर बसले, सातवीत टाच दुमडून घातले. जेवायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे ऐकावं लागतं. म्हणजे तीन वर्षांतली दोन वर्षं तू पाय घासत शाळेत गेलास, असं मी एकदा त्याला म्हटलं. तर म्हणाला, "पण पुरले ना?"

त्यामुळे आमच्याकडे सगळंच वाढत्या अंगाचं. स्वराचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा. पडदे पुढच्या घराला बसतील असे लांब, म्हणून इथे ते जमीन पुसतात. आणि नाशिकला गंगापूर रोडवर घेतलेला फ्लॅट तर पुढच्या जन्मालाही पुरेल एवढा मोठा. तो कुलूप लावून बंद आहे, आतल्या सोफ्यांवर चादरी घातल्यात. रुमैथियातल्या भाड्याच्या घरात मात्र आम्ही वेटिंग रूममध्ये बसल्यासारखे बसून आहोत, कारण इथून जायचंच आहे ना! भिंतीला खिळा ठोकायचा म्हटलं तरी सुयोग विचारतो, "आता कशाला?"

स्वरा आमची एकुलती एक मुलगी. तेरा वर्षांची, आठवीत, जन्म इथलाच. तिच्या वर्गातल्या झरीनच्या वाढदिवसाला सगळ्या मुली बर्फाच्या रिंकवर गेल्या होत्या. बाकीच्या केक खाऊन परत आल्या, आमची आली ती आईस हॉकी घेऊन. बाहेर डांबर वितळतंय आणि मी गाडीत मागच्या सीटवर स्वेटर टाकून मुलीला बर्फावर सोडायला निघाले आहे, असं गेली दोन वर्षं चाललं आहे. महाराष्ट्र मंडळातल्या बायका हसल्या. "वाळवंटात बर्फावरची हॉकी? काहीतरीच!" एसी गाडीतून एसी मॉलमध्ये जाऊन फ्रोझन मटार आणणाऱ्या बायका निसर्गाबद्दल बोलायला लागल्या की मी फक्त मान हलवते.

स्वरा चांगली खेळते. हे मी आई म्हणून सांगत नाही, मला त्यातलं काही कळत नाही. पण तिची कोच अलिना, कझाकस्तानची, जी कोणाच्याही आईला बरं वाटावं म्हणून तोंड उघडत नाही, ती एका शुक्रवारी माझ्यापाशी आली. म्हणाली, मुलींचा संघ निवडते आहे. हा संघ या वर्षी आणि पुढच्या वर्षी एकत्र खेळेल, बाहेरच्या देशांत जाईल. स्वराला आण. पण रिंकच्या भाड्याच्या बुटांवर किती दिवस? तिला स्वतःचे स्केट्स घ्या, स्वतःचं हेल्मेट आणि पॅड घ्या. अलिनाचं इंग्रजी मोजकं आहे, पण एक वाक्य तिने दोनदा सांगितलं. बूट घट्ट हवा, बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, रोजच्या बुटापेक्षा एक नंबर लहान घ्या.

आता अडचण सांगते. पुढच्या जूनमध्ये स्वराला नाशिकला पाठवायचं ठरलं होतं. कोणी ठरवलं? सुयोगने. तिथे आजी-आजोबा, तिथे नववीपासून इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचे क्लास, आणि तिथे तो चादरींचा फ्लॅट. मी दोनदा भांडले होते आणि तिसऱ्या भांडणाची तयारी करत होते. स्वरा भांडत नव्हती. तिने फक्त एकदा गाडीत मला विचारलं, "आई, मी सिलेक्ट झाले तर बाबा मला राहू देईल?" मी एसी वाढवला. जूनचं तिने अलिनाला सांगितलं नव्हतं. मीही नाही.

खरेदीला मी आणि स्वरा जाणार होतो. पण सुयोग म्हणाला, टेक्निकल वस्तू आहे, राजनला घेऊ.

राजन हा सुयोगचा मित्र, एका ऑइल कंपनीच्या खरेदी खात्यात. फार पूर्वी कंपनीने त्याला ट्रेनिंगला सहा महिने कॅनडात पाठवलं होतं. ते सहा महिने तो हॉटेल ते ऑफिस असा गाडीतून गेला-आला आणि काचेतून बर्फ पाहिला. तेव्हापासून बर्फ या विषयावर मंडळात शेवटचा शब्द त्याचा. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, हा टॅक्सीतून बर्फ हाकतो. शिवाय मुलांच्या बाबतीतही सल्ला त्याचाच, कारण त्याने आपल्या रितेशला दोन वर्षांपूर्वीच पुण्याला पाठवून दिलं. रितेश आता आईवडिलांच्या फोनवर 'हं' आणि 'ठीक' एवढंच बोलतो. राजन म्हणतो, पोरगा मॅच्युअर झाला.

हवल्ली भागातल्या एका खेळाच्या दुकानात ट्रेडमिल होते, हिवाळ्यात वाळवंटात ठोकायचे तंबू होते आणि कोपऱ्यात आईस हॉकीचा एक मांडणीभर संसार होता. विक्रेता शत्रुघ्न. त्याने बर्फ पाहिला असेल तर लिंबू-पुदिन्याच्या ग्लासात. पण माणूस हुशार. गिऱ्हाइकांपैकी पैसे कोण देणार हे त्याने दारातच ओळखलं आणि नंतर सुयोगकडे बघूनच मान हलवत राहिला. सुयोग म्हणेल ते, "परफेक्ट सर." राजन म्हणेल ते, "एकदम करेक्ट सर." मी एकदा काही म्हटलं, तर म्हणाला, "मॅडम, पिंक कलर भी है."

हेल्मेटपासून सुरुवात झाली. राजनने एकेक हेल्मेट उचलून, देवळाबाहेर नारळ वाजवून घ्यावा तसं बोटाने ठोकून, कानाशी धरून पाहिलं. आवाजावरून त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक. मग वजन केलं. जे जड ते मजबूत, हा त्याचा सिद्धांत. स्वराच्या डोक्यावर त्याने जे ठेवलं ते पुढच्या जाळीसकट गरागरा फिरलं आणि तिचं नाक कानाच्या भोकापाशी आलं.

"बाबा, इट्स मूव्हिंग," आतून आवाज आला.

"स्पंज लावू आतून," सुयोग म्हणाला. "डोकं अजून वाढायचंय."

"कोणाचं?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही जरा बसून घ्या," राजन म्हणाला. "हे इन्व्हेस्टमेंट म्हणून बघायला लागतं."

मी बसले नाही, पण पालथ्या घड्यावर पाणी किती ओतणार? नडगीचं पॅड गुडघ्यावरून घोट्याच्या खाली पावलावर आलं. कोपराचं पॅड हात खाली केला की मनगटात. खांद्याचं चिलखत घातल्यावर स्वरा दारातून आडवी होऊनच जाऊ शकली असती. प्रत्येक वेळी सुयोग दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून बघायचा आणि म्हणायचा, "आणखी दोन वर्षं बघायला नको." फक्त दातांचं ते रबर बरोबर बसलं, कारण ते गरम पाण्यात टाकून ज्याचं त्याने चावून आपल्या मापाचं करायचं असतं. तिथे सुयोगला काही करता आलं नाही.

आणि मग स्केट्स. स्वराचा शाळेचा बूट सदतीसचा. अलिनाने सांगितलेलं मी मोठ्याने म्हणाले. एक नंबर लहान. छत्तीस.

सुयोग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी मुलीचे पाय कापायला सांगते आहे. "लहान? वाढत्या पायाला कोणी लहान बूट घेतं का?"

"कोच म्हणाली."

"कोचला काय, तिला दर वर्षी नवीन घ्यायला लावायचे असतील. शोरूमशी सेटिंग असतं यांचं," राजन म्हणाला. "कॅनडात सगळे मोठे बूट घालतात. आत दोन-दोन मोजे. थंडी असते."

"ते चालायचे बूट, भावजी."

"बर्फ तोच ना?"

शत्रुघ्नने एकोणचाळीस नंबरचा जोड काढला. स्वराने पाय घातला. सुयोग गुडघ्यावर बसला आणि त्याच्या वडिलांनी, आजोबांनी, खापरपणजोबांनी जे केलं ते त्याने केलं. अंगठ्याचं बोट कुठे येतं ते बघायला बुटाचं टोक दाबलं. पण हॉकीच्या बुटाचं टोक टणक असतं, कारण त्यावर चेंडू नव्हे, रबराची जड चकती आदळते. त्याचा अंगठाच दुखला. तरी माणूस हरला नाही. त्याने मागून टाचेत बोट घातलं. एक गेलं, दुसरंही गेलं. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"दोन बोटं जागा!" तो राजनला म्हणाला. "मस्त बसलाय."

"बाबा, माझा पाय आत चालतोय," स्वरा म्हणाली. "आय मीन, बूट नाही चालत, पाय चालतोय."

"लेस आवळ. सवय होईल."

खाली चकचकीत पातं होतं. शत्रुघ्न म्हणाला, नवीन पात्याला धार नसते, लावून द्यायची का? सुयोगने राजनकडे पाहिलं. राजनने पात्यावरून बोट फिरवलं, विचार केला आणि निकाल दिला. धार लावली की स्टील झिजतं. आयुष्य कमी होतं. आणि मुलगी आहे, धार कशाला हवी? मी म्हटलं, विळी घ्यायची आणि बोट कापेल म्हणून धार लावायची नाही, तर भाजी काय दाताने चिरायची? शत्रुघ्न तेवढा हसला. मग सुयोग हसत नाही हे बघून त्याने तोंड मिटलं.

घरी आल्यावर सुयोगने समारंभाने बुटात कापूस भरला. साधा कापूस पुरला नाही, तेव्हा सासूबाईंनी देवापुढच्या वातींसाठी नाशिकहून पाठवलेला कापूस काढला. कसा पिंजायचा, कसा गोळा करून बोटांच्या पुढे दाबायचा, हे तो स्वराला शिकवत होता. बाप मुलीला वारसा देत होता. स्वरा त्या कापसाकडे बघत होती आणि मी स्वराकडे. तिच्या डोळ्यांत माझ्या नवऱ्याबद्दल जे होतं ते मला ओळखीचं वाटलं.

पुढच्या सरावाला सुयोग मुद्दाम आला, खरेदीचं कौतुक बघायला. स्वरा बर्फावर उतरली आणि साबणाच्या फरशीवर पाय ठेवावा तशी सरळ भिंतीवर गेली. बिनधारेचं पातं बर्फ पकडत नाही. अलिनाने खेळ थांबवला, पात्यावर नख घासलं, बूट मागवून घेतले, रिंकच्या मशीनवर धार लावून आणली. आता पाती पकडायला लागली, तर घोटे मुडपायला लागले. अलिनाने पुन्हा शिट्टी मारली. स्वराला बाकावर बसवलं, बूट काढला आणि आत हात घातला.

कापूस निघायला लागला. निघतच राहिला. अलिना ओढते आहे आणि तो संपत नाही. शेजारच्या बाकावर सईदा होती, कुवेती, तिची मुलगी गोलकीपर. तिला वाटलं, पोरीला जखम झाली म्हणून पट्टी बांधलीय. ती "या अल्ला" म्हणत पर्समधून मलम काढायला लागली. मला बाकाखाली जावंसं वाटलं.

"हे काय आहे?" अलिनाने विचारलं.

सुयोग पुढे झाला. लाजला नाही. लाज वाटायला आपलं काही चुकलं असं वाटावं लागतं. त्याने स्वच्छ इंग्रजीत समजावून सांगितलं, की मुलांचा पाय वाढतो, आमच्याकडे दूरचा विचार करायची पद्धत आहे, हे बूट भविष्यासाठी आहेत. पुढच्या वर्षासाठी.

अलिनाने वातींचा कापूस त्याच्या हातात दिला. "निवड शुक्रवारी आहे," ती म्हणाली.

बदलून आणायला मीच गेले. शत्रुघ्नने पात्यावर बोट फिरवलं आणि मान हलवली. "धार लग गया मॅडम. अब वापस नहीं होगा." त्या बुटांच्या बाबतीत एकच गोष्ट धड झाली होती, धार, आणि नेमकी तीच नडली. मग सुयोगचा दुसरा कायदा लागू झाला. घेतलेली वस्तू वाया घालवायची नाही. हा कायदा मला मोडता आला नाही, सासूबाईंना नाही, देवालाही येणार नाही. न आवडलेलं लोणचं तो संपवतो, न बसणारा शर्ट तो फाटेपर्यंत घालतो. घरात नवे बूट असताना भाड्याचे घालून पोरगी निवडीला जाणार? शक्यच नाही. दोन मोजे घाल, आत थोडा कापूस आणि जादा तळवा घाल, लेस मी बांधतो.

शुक्रवारी रिंकच्या पार्किंगमध्ये, गाडीतच, एसी चालू ठेवून त्याने लेस बांधली. तोंड लाल होईपर्यंत आवळली. पात्यांवर प्लॅस्टिकची आवरणं चढवून स्वरा बदकासारखी आत गेली, तिच्या चपला गाडीतच राहिल्या. राजनही आला होता, व्हिडिओ काढायला. त्याच्या मते तो आमचा टेक्निकल सल्लागार होता.

पहिल्या गटात स्वरा होती. सरळ पुढे जाईपर्यंत ठीक होतं. मग वळायचं होतं, पायावर पाय टाकून. बूट वळला, पाय वळला नाही. ती पडली. उठली. मग उलटं, मागे मागे जायचं होतं. पुन्हा पडली. हेल्मेट गोल फिरून डोळ्यांवर आलं. ते सरळ करताना कोपराचं पॅड मनगटात उतरलं, ते वर ओढताना काठी सुटली. दोन वर्षं जी मुलगी भाड्याच्या फाटक्या बुटांवर पाखरासारखी फिरायची, ती घरच्या महागड्या चिलखतात कोसळत होती. मला रडू येत नव्हतं, हात शिवशिवत होते.

"बर्फच आज मऊ वाटतोय," व्हिडिओ काढता काढता राजन म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण निदान नाचणाऱ्याने स्वतः म्हणायची असते. इथे नाचत होती माझी मुलगी, आणि अंगणाला नावं ठेवत होता हा.

अलिनाने शिट्टी मारली. स्वराला बाहेर काढलं. "दुसरे बूट घालून ये," ती म्हणाली. "शेवटच्या गटात परत बघते. एकदाच."

स्वरा येऊन बाकावर बसली. सुयोग लगेच वाकला. "लेस सैल झाली असेल, दाखव, आणखी आवळतो." स्वराने पाय उचलला, आणि लेस न सोडता, गाठीला हातही न लावता, बुटातून सरळ बाहेर काढला. जसा आपण सपातेतून काढतो. बूट लेस बांधलेलाच सुयोगच्या हातात राहिला.

"बाबा," ती म्हणाली, "हे मला कधी बरोबर होतील?"

"पुढच्या वर्षी. अगं, पाय काय भराभर वाढतो."

"नेक्स्ट इयर मी कुठे असेन?"

सुयोग बुटाची लेस चाचपायला लागला.

"नाशिकला," तिनेच सांगितलं. "तिथे बर्फ कुठे आहे?"

"फ्रीजमध्ये!" राजन म्हणाला आणि हसला. एकटाच हसला. मग त्याला ते कळलं, तेव्हा तो फोनमध्ये बघायला लागला.

सुयोग तो बूट हातात धरून उभा होता. पेट्रोकेमिकलचा प्लांट चालवणारा माणूस. त्याने बूट घेतले ते पुढच्या वर्षीचे, मुलगी पाठवायची तीही पुढच्या वर्षी, आणि या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. आत्ता भेटल्या. मी त्याचा चेहरा बघत होते आणि मला त्याची अजिबात दया येत नव्हती.

मग तो वळला आणि भाड्याच्या बुटांच्या काउंटरकडे जवळजवळ धावला. मीही मागे गेले. तिथला नियम असा, की तिथले स्केट्स घ्यायचे तर आपली पादत्राणं ठेव म्हणून द्यायची. स्वराच्या चपला गाडीत, गाडी पार्किंगच्या पार टोकाला, आणि शेवटचा गट बर्फावर उतरायला लागला होता. सुयोगने स्वतःचे बूट काढले आणि काउंटरवर ठेवले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. खाली रबराच्या चटईवर बर्फाचं पाणी साचलेलं होतं, तो त्यात उभा राहिला.

"साईझ?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"एकोण..." सुयोग म्हणाला आणि थांबला. "नाही. थांबा. अं..."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याला आपल्या मुलीचा पुढच्या वर्षीचा नंबर पाठ होता, आत्ताचा माहीत नव्हता. मला माहीत होता. पण मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, राहू दे जरा पाण्यात उभा.

"थर्टी-सिक्स, बाबा!" बाकावरून स्वरा ओरडली.

"छत्तीस," तो काउंटरवाल्याला म्हणाला. हळूच म्हणाला, जसा काही हा नंबर त्याला आजच कळला होता. आणि तो आजच कळला होता.

जुने, कातडं गेलेले, टाचेवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेले ते स्केट्स घालून स्वरा उतरली. हेल्मेटमध्ये सईदाने आपली ओढणी घडी करून बसवली. कोपराची पॅडं मी केसांच्या रबराने बांधली. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण ती फार वेगात होती. वळली, मागे गेली, काठीने चकती ओढत दोन मुलींच्या मधून निघाली, आणि थांबली ती अशी, की बर्फाचा भुगा काचेवर उडाला. काचेच्या अलीकडे सुयोगचं नाक होतं. राजनने व्हिडिओ काढला नाही, त्याच्या फोनची जागा संपली होती. ती आधीच्या पडण्याने भरली होती.

संपल्यावर अलिना आमच्याकडे आली. स्वरा तिच्या मागे उभी, धापा टाकत, जाळी वर केलेली.

"ही मला हवी आहे," अलिना म्हणाली. "पण आधी एक सांगा. संघ दोन वर्षांचा आहे. तुमच्या लोकांच्या मुली मध्येच देशात जातात. मी शिकवते आणि त्या जातात. ही पुढच्या वर्षी इथे आहे का?"

स्वराने खाली बर्फाकडे पाहिलं. खोटं मला बोलता आलं असतं, पण ते बोलायचं माझ्या हातात नव्हतं.

"ॲक्च्युअली मॅडम," राजनने सुरुवात केली, "नेक्स्ट जून..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. माझे सँडल टाचेचे होते. त्याचा बूट मऊ होता, हॉकीचा नव्हता.

अलिना उत्तराची वाट बघत होती. सुयोग ओल्या मोज्यांवर उभा, आणि छातीशी ते नवे एकोणचाळीस नंबरचे बूट धरलेले, कापसासकट. अलिनाचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

"हे पुढच्या वर्षीचे," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत. भविष्यासाठी. मग असेलच ना ती इथे?"

तिला वाटलं ती साधा तर्क करते आहे. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर टोमणा झाला असता.

सुयोगने बुटांकडे पाहिलं. एकदा उजव्या, एकदा डाव्या. नाशिकचे क्लास, आजी-आजोबा, चादरी घातलेले सोफे हे सगळं एका बाजूला आणि ते दोन बूट एका बाजूला, असं काहीतरी त्याच्या डोक्यात चाललं असावं. मी त्याच्याशी दोनदा भांडले होते. मुलगी गप्प राहून रडली होती. त्याने कशालाही दाद दिली नव्हती. त्याच्यापुढे कधी कोणी योग्य मुद्दाच मांडला नव्हता, दुसरं काय!

"येस," तो म्हणाला. "नेक्स्ट इयर. हिअर."

अलिनाने मान डोलावली आणि ती पुढच्या मुलीकडे गेली. राजन पाऊल चोळत म्हणाला, "अरे पण सुयोग, ॲडमिशनचं मी बोलून ठेवलंय..." त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. स्वरा मात्र जागची हलली नव्हती. ती आपल्या बापाला ओळखते.

"बाबा, खरंच?" तिने विचारलं. "की फक्त मॅडमला सांगायला?"

"खरंच म्हणजे काय?" सुयोग चिडूनच म्हणाला. "अगं, बूट घेतलेत ना. वाया घालवायचे का?"